कोपरापर्यंत हात

लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही. मोखाड्याच्या जनावरांच्या दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक होतो, म्हणजे गाईम्हशींना सुया टोचायच्या, कोंबड्यांना लस द्यायची, बैलाच्या खुरातले किडे काढायचे आणि या सगळ्याचे तक्ते भरून वर पाठवायचे. पण आमच्याकडे ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर, आणि खरं सांगायचं तर ते ऐकायला मलाही बरं वाटायचं. त्या बरं वाटण्यातूनच पुढचं सगळं झालं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

साल दोन हजार चार. जव्हारहून मोखाड्याकडे येताना एका टेकाडावर ठाण्याच्या मंजुषाबाईंनी बंगला बांधला होता. बाई बँकेतून निवृत्त झालेल्या, यजमान वारलेले, मुलगा परदेशात. एरवी महिन्यातून दोनदा गाडी घेऊन यायच्या, पावसाळ्यात तेवढंही जमायचं नाही. बंगल्याची राखण पुंजा आणि त्याची बायको काशी करायची. दोघं टेकाडाखालच्या पाड्यावर राहायची. बंगल्यात कायम मुक्कामाला असायची ती बर्फी. लॅब्राडोर जातीची, फिकट पिवळी, चांगली धष्टपुष्ट कुत्री. ठाण्याच्या सोसायटीत तिच्या भुंकण्यावरून तक्रारी झाल्या म्हणून ती इकडे आली. मुलाने जाताना ती आईच्या हवाली केली होती, त्यामुळे बर्फी शिंकली तरी बाईंचा फोन थेट दवाखान्यात यायचा.

बर्फीचं खाणं गोणीतून यायचं. सुक्या गोळ्या, सुपारीएवढ्या. जव्हारचे किराणा दुकानदार शरीफभाई ते फक्त बाईंसाठी नाशिकहून मागवत. पहिली गोण आली तेव्हा दुकानात लोक बघायला थांबले होते. "डॉक्टर," शरीफभाई मला म्हणाले होते, "माझ्या दुकानात ह्याच्याइतका महाग माल दुसरा नाही. काजूसुद्धा नाही."

बाई फार व्यवस्थित. उंदरांपासून जपायला त्यांनी घट्ट झाकणाचं निळं पिंप आणलं आणि कोठीच्या खोलीत भिंतीला लावून ठेवलं. पावसाळ्याच्या तोंडावर दोन गोण्या एकदम घ्यायच्या, पिंपात ओतायच्या आणि गोणीवरचा छापील तुकडा कापून पिंपावर चिकटवायचा, म्हणजे आत काय आहे, कधीपर्यंत चांगलं आहे, हे येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता यावं. येणारेजाणारे म्हणजे पुंजा आणि काशी. दोघांनाही वाचता येत नव्हतं.

ऑगस्टमध्ये एका बाजाराच्या दिवशी काशी दवाखान्यात आली. दारातूनच म्हणाली, "डाक्तर, बर्फीचा खाणा बिघडला हाय. तू येऊन बघ."

काशी मला 'तू' म्हणते. पाड्यावरची माणसं सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, देवालाही आणि तहसीलदारालाही. मंजुषाबाईंना सुरुवातीला ते टोचायचं. मी इथल्याच जामसर गावचा, शेतकऱ्याच्या घरचा, मला त्याचं काही वाटत नाही.

"बिघडलंय हे कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"बर्फी तोंड लावीत नाय. दोनदा ओकली. मंग मी पिंपात हात घातला. वर बरा लागतो. खाली कोपरापर्यंत घातला तं आत ऊन लागतं हाताला."

"पावसाळ्यात ऊन कुठलं?" मी विनोद केला. ती म्हणत होती ते मला नीट कळलं होतं. ऊन म्हणजे गरम. माझी आईसुद्धा कणगीत हात घालून हेच बघायची. कणगी म्हणजे बांबूच्या काड्यांची, शेणाने लिंपलेली धान्याची मोठी टोपली. आतलं धान्य हाताला गार लागलं तर ठीक. ऊन लागलं की समजायचं, ओल शिरली, दाणा आतून कामातून चालला. हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. पण मी आता पुण्याला पशुखाद्याचं प्रशिक्षण घेऊन आलेला माणूस होतो.

दोन दिवसांनी मोटरसायकल काढून बंगल्यावर गेलो. बर्फी ओटीवर पडून होती. एरवी माझी चप्पल पळवणारी कुत्री, त्या दिवशी तिने नुसती शेपटी हलवली. तेवढ्यावरून माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. मी तिला जंताची गोळी दिली आणि पिंपाकडे वळलो. झाकण काढलं, वरच्या मूठभर गोळ्या घेतल्या, हुंगल्या. छान भाजल्यासारखा वास होता. एक फोडून पाहिली, कोरडी खुटखुटीत. मग कागदावर बोट ठेवून काशीला वाचून दाखवायला लागलो.

"हे बघ. घटक वजनाच्या क्रमाने लिहिलेले असतात. जे जास्त ते आधी. पहिला मका. म्हणजे मक्याचा भरणा जास्त, ते काही फार उत्तम नाही, पण चालतं. दुसरी कोंबडीच्या मांसाची भुकटी. नुसतं 'मांस' लिहिलं असतं तर मी संशय घेतला असता, कारण मग ते कशाचं ते कळत नाही. इथे कोंबडी म्हणून स्पष्ट लिहिलंय. मग तांदळाचा कोंडा, सोयाबीन, माशाचं तेल, मीठ, जीवनसत्त्वं. प्रथिनं चोवीस टक्के. ओलावा दहा टक्क्यांच्या आत. आणि मुदत पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत. काशी, तुझ्या नागलीच्या भाकरीत एवढं काही नसतं."

ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, "डाक्तर, खाली हात घालून बघ ना."

मी पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. मनगटावर नवं घड्याळ होतं. तिथून पुढे पंचायत समितीत बैठक होती, आणि त्या तेलकट गोळ्यांत कोपरापर्यंत हात घालायचा मला कंटाळा आला. एवढंच कारण होतं. मोठं कारण शोधायला गेलो तर तेही सापडेल, पण ते खरं असणार नाही.

"तू तिला भाकरीची चटक लावली असशील," मी म्हणालो. "म्हणून ती हे खात नाही. तुझ्या हातावर लिहिलंय का बिघडलंय म्हणून? इथे कागदावर लिहिलंय, चांगलं आहे म्हणून."

काशीने आपला हात पाहिला. आणि मी काय केलं, तर बॅगेतून कागद काढला आणि लिहिलं: 'खाद्याची तपासणी केली. खाद्य उत्तम आहे. नियमित द्यावे.' खाली सही ठोकली, दवाखान्याचा शिक्का उमटवला आणि तो कागद छापील तुकड्याशेजारी पिंपाला चिकटवला. तपासणी! एक मूठ हुंगली होती मी.

गणपती झाल्यावर मंजुषाबाई आल्या. त्या दिवशी दुपारी शरीफभाईंचा दवाखान्यात फोन आला. आवाज चढलेला होता. "डॉक्टर, तुमची मॅडम आली होती. मला विचारते, पुंजाने तुम्हाला गोळ्या परत विकल्या का? अरे, मी तेवीस वर्षं दुकान चालवतो. आणि पुंजाला मी ओळखत नाही का? तुम्ही जा तिकडे. मामला बिगडलेला आहे."

मी गेलो. बंगल्याच्या ओटीवर बाई खुर्चीत बसल्या होत्या, हातात माझी चिठ्ठी. बर्फी त्यांच्या पायाशी होती, बरगड्या दिसाव्यात इतकी उतरलेली. पुंजा खांबाला टेकून उभा, काशी खाली बसलेली. पिंप रिकामं होतं. दोन गोण्या, नोव्हेंबरपर्यंत पुरायला हव्यात अशा, सप्टेंबरातच संपलेल्या.

"या डॉक्टर," बाई म्हणाल्या. "तुम्हीच सांगा. तुम्ही लिहून दिलंत, खाणं उत्तम आहे, रोज द्या. कुत्री वाळली आणि पिंप रिकामं. काशी म्हणते, खड्ड्यात पुरलं. चाळीस किलो चांगलं खाणं कुणी पुरतं का?"

मग त्यांनी आवाज खाली आणला. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मायेने बोलल्या. "हे बघ पुंजा, मी पेपर वाचते. ह्या भागात काय परिस्थिती आहे ते मला माहीत आहे. वावर गावात कुपोषणाने मुलं दगावल्याची बातमी आली होती तेव्हा मी बँकेतून वर्गणी गोळा करून पाठवली होती. तुमच्या घरात पोरंबाळं आहेत. त्यात कोंबडी आहे, मासळीचं तेल आहे. खाल्लंत तर खाल्लंत. मी रागावणार नाही. फक्त मला खरं सांगा. मला सांगितलं असतं तर मी तांदूळ दिला असता."

पुंजा खाली बघायला लागला. चौदा वर्षं मी त्या माणसाला ओळखत होतो, बैल मेला तेव्हाही त्याचा चेहरा असा झाला नव्हता. पाड्यावर ही गोष्ट पोचली असती तर 'कुत्र्याचं खाणारे' हे नाव त्याच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत चिकटलं असतं. आणि त्याच्यावर हा आळ आणणारा कागद माझ्या सहीचा होता. मला लाज वाटली. इतकी की क्षणभर वाटलं, गप्प बसावं, काही विषय काढून निघून जावं. हेही सांगतो, कारण तेही खरं आहे.

"बाई," मी म्हणालो, "काशी माझ्याकडे आली होती. खाणं बिघडलंय म्हणून सांगायला. मी वरची मूठ बघितली. तिने खाली हात घालायला सांगितलं, तो मी घातला नाही. ती चिठ्ठी खोटी आहे."

"खोटी म्हणजे?"

"न बघता लिहिलेली."

बाईंनी चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बँकेत जन्म काढलेल्या बाई, सही-शिक्का असलेला कागद खोटा असतो हे पचायला त्यांना वेळ लागला. म्हणाल्या, "मग आता कसं कळणार? पिंप तर रिकामं केलंय."

तेव्हा काशी उठली. "रिकामा केलाय," ती म्हणाली, "धुतला नाय. धुतला असता तं तुमी बोलला असता का खाणा चांगलाच व्हता."

कोठीच्या खोलीतून तिने पिंप ओढत अंगणात आणलं आणि उजेडात आडवं केलं. तळाला चार बोटं जाडीचा थर धरला होता, ढेपेसारखा घट्ट. वरून तपकिरी, कडेला हिरवट, मधे पांढऱ्या केसाळ बुरशीचे गोल. खवट, उग्र वास आला. बर्फी दोन पावलं मागे सरली. मी काडीने तो थर फोडला. वरचा थर तपकिरी गोळ्यांचा निघाला. त्याखालच्या गोळ्या लालसर आणि हिरव्या होत्या.

बाई जवळ येऊन वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्या लाल-हिरव्या तर गेल्या वर्षीच्या आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "ह्या वर्षी मी दुसऱ्या जातीच्या मागवल्या."

"तुमी जुन्यावर नवा ओतला," काशी म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. "आमी कणगी आधी उलटी करतो. झाडतो, लिंपतो, उन्हात वाळवतो. मंग नवा दाणा घालतो. जुना असंल तं वेगळा काढायचा. जुन्यावर नवा नाय ओतायचा कधी. मी जूनमधे बोलले व्हते तुमाला. तुमी बोलल्या, आत हवा जात नाय, काय व्हत नाय."

बाईंना ते आठवलं असावं, कारण त्यांनी मान हलवली. पिंप ज्या भिंतीला होतं ती भिंत पावसात पाझरते. झाकण घट्ट, आतली ओल आतच. तळातल्या जुन्या गोळ्यांतल्या मक्याला बुरशी धरली आणि ती वर चढत गेली. मक्याच्या बुरशीचं विष यकृत धरतं, शिजवलं तरी जात नाही, आणि वरच्या मुठीला त्याचा वास येईलच असं नाही. हे मला माहीत होतं. असल्याच मक्याने कोंबड्यांची खुराडी रिकामी झालेली मी पाहिली होती, त्याचे तक्तेही मीच भरले होते. बर्फीच्या हिरड्या बघितल्या, अजून किंचित पिवळसर होत्या. रक्त तपासायची सोय आमच्याकडे नव्हती, त्यामुळे छातीठोक सांगता येणार नाही, पण काशीने ते बंद केलं नसतं तर ती कुत्री वाचली नसती असं मला वाटतं. महिनाभर काशी तिला स्वतःच्या कोंबड्यांची अंडी, भात आणि भाकरी घालत होती. बिघडलेलं खाणं मात्र तिने खड्डा खणून पुरलं आणि वर दगड रचले, कारण पाड्यावरची कोंबडी, शेळी, कुणाचं लेकरू त्याला तोंड लावेल अशी तिला भीती होती. तो खड्डाही तिने आम्हाला दाखवला.

बाईंनी माझी चिठ्ठी फाडली नाही. घडी करून पर्समध्ये ठेवली. का, ते मी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी बाई दवाखान्यात आल्या. गाडीत तांदळाची गोण होती, चांगला कोलम. "पाड्यावर मला एकटीला जायला कसंतरी वाटतंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही चला."

पुंजाच्या घरासमोर गोण उतरवली. बाई काशीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काशी, माझं चुकलं. मी तुमच्यावर नको तो संशय घेतला. हे ठेवून घे."

काशीने गोणीचं तोंड सोडलं. बांगड्या मागे सारल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला. आम्ही तिघं उभे होतो. तिने डोळे मिटले होते.

"चांगला हाय," ती म्हणाली. "गार हाय." गोणीचं तोंड पुन्हा बांधलं. "पण नको."

"अगं, पण..."

"नको बाई. घरात ये."

माझ्यासमोर पहिल्यांदाच ती बाईंना 'तू' म्हणाली. बंगल्यात पुंजाने तिला 'तुमी' म्हणायला शिकवलं होतं, आपल्या दारात ती ते विसरली. बाई वाकून आत गेल्या, मागून मी. कोपऱ्यात कणगी होती, ताज्या शेणाने लिंपलेली. काशीने वरचं सूप काढलं. निम्म्याच्या वर नागली होती. भादव्यात! नवं पीक अजून शेतात उभं असतं, तेव्हा आमच्याकडे पाड्यापाड्यावर कणग्यांचे तळ दिसत असतात. मी जामसरचा, मला कळलं ते काय होतं: हे घर उपाशी नव्हतं. बाईंना कळणार नाही म्हणून मी सांगायला तोंड उघडलं, पण काशीने मला थांबवलं.

"हात घाल," ती बाईंना म्हणाली.

बाईंनी हात घातला. सोन्याच्या बांगडीसकट, कोपरापर्यंत.

"गार लागतो का?"

"गार आहे," बाई म्हणाल्या. हात त्यांनी लगेच बाहेर काढला नाही. "काशी, तुला हे कुणी शिकवलं?"

"आईनं." काशीने सूप कणगीला टेकवून ठेवलं. "मी वावरची. तुमच्या पेपरात आला व्हता ना वावर, तवा मी तिथं व्हते. माझी सोमी दोन वर्सांची. कणगी रिकामी व्हती. ह्यानं फिरत्या माणसाकडनं भिजका तांदूळ आणला, सस्ता. मी हात घातला. ऊन लागला. मना कळला, बाई. हातानं सांगितला मना. पण दुसरा काय व्हता घरात? मी तो रांधला आनि तिला चारला." ती नागलीकडे बघत बोलत होती. "मंग ताप आला. आठ दिसांत गेली. तांदळानं गेली का तापानं का आधीच वाळलेली व्हती म्हणून, ते मना नाय माहीत. पण मी हाताचा ऐकला नाय. तवापासून ऐकते."

पुंजा दारात बाहेर तोंड करून उभा होता. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात नागलीत असल्याने त्यांना ते पुसता येत नव्हतं. माझ्या डोळ्यासमोर आलं, मी याच काशीला विचारलं होतं, तुझ्या हातावर लिहिलंय का म्हणून.

बाईंनी हात काढला. काशीने पदराने त्यांच्या हाताची धूळ झटकली. मग माझ्याकडे वळली. रागाचा लवलेश नव्हता चेहऱ्यावर. जनावराला सुई टोचताना मी जसं त्याच्या मालकाशी बोलतो तसं, कामाचं बोलावं तसं बोलली.

"डाक्तर, तू बी घाल. तू त्या दिशी वरवरच बघितला व्हता."

मी घड्याळ काढून पुंजाच्या हातात दिलं. बाही खांद्यापर्यंत वर केली आणि हात घातला. नागली गार होती.